भार कुठं उतरतो

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडची काळी माती कापसाला चांगली, शिल्पाला अवघड. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानात अशा भेगा पडतात की हाताचा पंजा आत जावा. तशीच एक भेग मातीच्या पुतळ्याच्या मानेवर पडली तर डोकं खाली येतं. गणपती करणारे शाडू वापरतात ते यासाठीच. पण शाडू विकत आणावा लागतो, आणि शिल्पकला शिकणाऱ्या मुलीला माती पोत्यांनी लागते. म्हणून ती ओढ्याकाठची माती आणते, वाळवून कुटते, टोपात पाणी घालून ढवळते. खडे तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतते आणि खाली बसलेला मऊ गाळ गोणपाटावर पसरते. त्यात चाळलेली राख आणि बारीक वाळू मळते. कुंभार पिढ्यानपिढ्या मातीत राख आणि लीद मिसळत आले, ते याच कारणानं. ही माती भाजायची नाही. साचा निघेपर्यंत ती ओली आणि धरून राहिली, की तिचं काम झालं.

शाळेत ती माझ्याकडे चित्रकलेला होती. आता मुंबईत शिकते आणि मे महिन्यात घरी आली की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम मांडते. दहा वाजल्यानंतर त्या पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून तिचं काम पहाटे सुरू होतं. मी बाजेवर बसून बघतो.

मातीला हात लावण्याआधी ती कागद भरते. कोळसा घरचाच. तुराट्या सोलून, सारख्या लांबीच्या तोडून झाकणाच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला एक बारीक भोक ठेवायचं आणि डबा चुलीत सारायचा. भोकातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढून न उघडता गार होऊ द्यायचा. तुरीचा कोळसा हलका आणि मऊ असतो. शोभेच्या दारूसाठीही तो वापरत आले आहेत. कागदावर तो मखमलीसारखा काळा उमटतो आणि बोटानं लगेच पुसला जातो, हे तिला हवंच असतं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आम्ही मुलांकडून घागर, बादली, कंदील काढून घेतो. तिथं कडेची रेघ स्वच्छ आली की गुण मिळतात. तिचीही रेघ अशीच स्वच्छ होती. आता तिच्या कागदावर कडेची रेघ सर्वांत शेवटी येते, कधी येतही नाही. आधी गळ्याच्या खळगीतून जमिनीपर्यंत एक ओळंबा उतरतो. मग खांद्यांची तिरपी रेघ, तिच्या उलट कललेली कमरेची रेघ, आणि अंगाचा भार ज्या टाचेवर येतो तिथं एक काळा ठिपका. हा ठिपका चुकला तर पुढचं सगळं कितीही सुबक काढा, माणूस उभा राहत नाही.

ती काढते आहे तिच्या आईला. दसरा झाला की या भागातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणतात, उचल त्या जोडीला मिळते. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, चुंबळीवर घ्यायची आणि फळीवरून चढून गाडीत टाकायची. तिचे आईवडील बरीच वर्षं हे करत आले. मे महिन्यात मोळी नसते, म्हणून आई डोक्यावर कडबा घेऊन उभी राहते. लेक तिच्याभोवती फिरत समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी काढते. एकाच जागेवरून काढलेलं चित्र शिल्पाला पुरत नाही. समोरून सरळ दिसणारी पाठ बाजूनं पाहिली की कमान झालेली असते.

“सर, मही माय मोळी उचलायच्या आधी श्वास धरून ठेवती,” ती एकदा म्हणाली. “पोट आत गेल्यावरच मान ताठ होती. ते कागदावर येतंय, मातीत येईना.”

आई तिकडून म्हणाली, “नुसतं उभं राहूनच पाय दुखायलेत. तुझ्यापरीस मोळी परवडली.” पण हलली नाही.

म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ मला इथं आठवत राहते. गणपतराव म्हात्रे जे. जे.त शिकणारे, जेमतेम विशीतले तरुण. १८९६ च्या सुमारास त्यांनी प्लॅस्टरमध्ये देवळाकडे निघालेली मराठी स्त्री घडवली आणि देशाबाहेरही तिचं कौतुक झालं. लुगड्याच्या निऱ्या, संथ पाऊल, सगळं कसं तोलून धरलेलं. त्या शिल्पावर माझं प्रेम आहे. पण त्या स्त्रीच्या अंगावर ओझं नाही. ओझ्याखालच्या अंगाचा तोल निराळा असतो, आणि तो शोधायला शिकणाऱ्याला स्वतःचंच घर पाहावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांनी तेच केलं. घरच्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या. खैरागढ आणि बडोद्याला ते शिल्पकला शिकले आणि खाणकामगारांची चित्रं काढायला कोळसाच हाती घेतला. त्यांचं रेखाटन आणि शिल्प वेगळं काढता येत नाही.

या मुलीच्या कामाला मोठं वळण मिळालं ते अंबाजोगाईला. तिथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती उन्हापावसानं इतके झिजलेत की बारकावे फारसे उरलेले नाहीत. तरी हत्तीचं वजन जागेवर आहे. पाय जमिनीत रुतल्यासारखे वाटतात. तिनं तिथं दिवसभर बसून नुसते डोंगराएवढे काळे आकार काढले. शिल्पकार राम सुतारांनीही पुरातत्त्व खात्यात असताना, १९५४ ते १९५८ या काळात, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची डागडुजी केली होती. झिजलेल्या दगडाजवळ बसणं हे शिल्पकाराचं मोठंच शिक्षण असावं.

परत आल्यावर तिनं अर्धं झालेलं शिल्प उतरवलं. सळईचा सांगाडा नव्यानं वाकवला: मानेची सळई आधी सरळ होती, ती आता किंचित पुढं आली, आणि उजव्या टाचेची सळई पाटाला पक्की बांधली. माती घसरू नये म्हणून तारेला लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवल्या; शिल्पकार त्यांना बटरफ्लाय म्हणतात. मग मातीचे गोळे, आणि ते हातानं नव्हे तर लाकडी फळीनं ठोकलेले. डोळे-नाक तिनं केलेच नाहीत. मोळी, मान आणि पाठ हा एकच सलग आकार झाला. शेजारच्या बाया विचारून जातात, “तोंड कुठाय गं हिला?” तोंडाचं मला काही वाटत नाही. हात मात्र लहान झालेत असं माझं मत आहे, आणि ते मी तिला सांगितलं. कोयता धरलेल्या हाताचे सांधे फुगलेले असतात. ती ऐकून घेते, आईचा तळवा हातात घेऊन पाहते, पण अजून बदललेलं नाही.

आता साच्याचं काम. धड कुठं विभागायचं ते ठरवून पत्र्याच्या पट्ट्या मातीत रोवायच्या. प्लॅस्टरच्या पहिल्या थरात थोडी नीळ, वरचा जाड थर पांढरा. आतली माती काढून, साबणाचं पाणी लावून त्यात सिमेंट भरायचं, आणि ते घट्ट झालं की छिन्नीनं साचा फोडत जायचं. निळा थर दिसला की हात हलका करायचा, कारण शिल्प लगेच खाली असतं. असा साचा एकदाच वापरता येतो. सिमेंट शिल्पकार करमरकरांनीही आवडीनं वापरलं. ते उन्हापावसात टिकतं आणि माजलगावला कुठल्याही दुकानात मिळतं.

हे होण्याआधीच भिंतीला नवे कागद लागलेत. त्यांत दोघं आहेत: आई फळीवर मधोमध, वडील वरून वाकून मोळी ओढून घेताना. भार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो तो क्षण तिला हवा आहे. सांगाड्याला आधार कुठून द्यायचा हे सुटलेलं नाही. फळीखालून एक जाड सळई नेली तर चालेल, असं मला वाटतं. तिला ती सळई कुठूनच दिसायला नको आहे.