बुद्धीलाही रोजचा व्यापार हवा

वय झाले की पेढीची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती सोपवावीत, ही व्यापारी कुटुंबांतील जुनी आणि योग्य रीत आहे. ‘बाबा, पुष्कळ कष्ट केलेत, आता आराम करा,’ असे मुलगा म्हणतो. त्यात प्रेम असते, कृतज्ञताही असते. परंतु चाळीस-पन्नास वर्षे मालाचे भाव, उधारीच्या रकमा, गिऱ्हाइकांचे चेहरे आणि वायद्याच्या तारखा सांभाळणारी बुद्धी त्या दिवसापासून अकस्मात रिकामी बसते. विश्रांती शरीराला द्यायची असते. बऱ्याच घरांत ती नकळत बुद्धीला दिली जाते, आणि नुकसानीची सुरुवात तेथूनच होऊ शकते.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के असते. मात्र शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा हा एकटा अवयव खर्च करतो. त्यातील पेशींचे परस्परसंबंध वापराने दृढ होतात आणि वापराअभावी क्षीण होतात. वाढत्या वयातही नवे संबंध जोडण्याची त्याची शक्ती पूर्णपणे संपत नाही.

अभ्यासाने घडणारा मेंदू

याचा एक बोलका पुरावा लंडनमधील टॅक्सीचालकांनी दिला. तेथे परवाना मिळविण्यासाठी शहराच्या मध्यभागातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात; त्यासाठी तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली दाखवून दिले, की स्मरणाशी निगडित असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा मागील अंश या चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठा असतो. मुळात असा मेंदू असणारेच या व्यवसायात येतात की काय, ही शंका उरली होती. २०११ साली तिचेही उत्तर मिळाले. प्रशिक्षणापूर्वी सर्व उमेदवारांचे मेंदू सारखेच होते. अभ्यास पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतच ही वाढ आढळली.

या प्रयोगातून घेण्यासारखा बोध असा, की मेंदूला घडविणारा व्यायाम हा कष्टाचा आणि दीर्घकाळ चालणारा असतो. रोज तेच ते सोपे शब्दकोडे सोडविल्याने माणूस त्या कोड्यात तरबेज होतो, एवढेच. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींच्या एका अभ्यासात बहुतेकांना स्मरण, तर्क आणि आकलनाचा वेग यांपैकी एकेकाचे शिक्षण देऊन पाहण्यात आले. ज्याला जे शिकविले त्यात त्याची प्रगती झाली. इतर क्षमतांत तिचा लाभ फारसा दिसला नाही. म्हणून बुद्धीच्या व्यायामात विविधता हवी, थोडी अडचण हवी आणि सातत्यही हवे.

व्यापारी आणि शतावधानी

हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. १८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद् राजचंद्र यांनी शतावधानाचा प्रयोग केला. शंभर निरनिराळ्या गोष्टींकडे अवधान देऊन त्या स्मरणातून अचूक सांगणारे हे तरुण त्या वेळी अवघे १९ वर्षांचे होते. पुढे मुंबईत त्यांनी जवाहिराचा व्यवसाय केला. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी आपल्याला ठाऊक असलेले अनेक परदेशी शब्द त्यांना ऐकविले. राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. मात्र अशा जाहीर प्रयोगांचा त्यांनी लवकरच त्याग केला. स्मरणशक्ती प्रदर्शनासाठी नसते, तिचे मूळ चित्ताच्या एकाग्रतेत असते, हे त्यातून ध्यानी येते.

स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश हे पाच प्रकार सर्वपरिचित आहेत. वाचणे, शंका विचारणे, मनन करणे, आवृत्ती करणे आणि दुसऱ्याला समजावून सांगणे, असा त्यांचा क्रम. आधुनिक अध्ययनशास्त्राचेही सांगणे याच दिशेचे आहे: तेच पान पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलेले अधिक काळ टिकते.

घरातील व्यायामशाळा

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असल्याशिवाय मुलाला गल्ल्यावर बसवीत नसत. ४८ रुपये दराने सव्वातीन किलो साखरेचे किती, असे विचारताच १४४ आणि पावकीचे १२ मिळून १५६ हे उत्तर ओठांवर येई. आज यंत्र जवळ असू द्यावे, परंतु आधी मनात हिशेब करून मग त्याच्याशी ताडा जमवावा.

निवृत्त वडीलधाऱ्यांकडे दुकानाचे एखादे खरे काम राहू द्यावे. जुनी येणी आठवून सांगणे, महिन्याचा आढावा तपासणे, नव्या मालाविषयी मत देणे, अशा कामांत बुद्धीही लागते आणि मानही राहतो. नातवाला आजोबांनी पाढे शिकवावेत, नातवाने आजोबांना मोबाइलवरील व्यवहार शिकवावेत. आजीने नवे स्तवन पाठ करावे किंवा नवी लिपी शिकावी. दहा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ ठेवावेत. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराचा रोजमेळ मनातल्या मनात उलट क्रमाने मांडून पाहावा. सोबत चालणे, पुरेशी झोप आणि चार माणसांत ऊठबस हवीच. एकाकीपणात बुद्धीला चालना मिळत नाही.

विवेकही हवा

मानसिक व्यायाम हा स्मृतिभ्रंशावरील औषधोपचार नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे सामान्य आहे. परिचित रस्ता चुकणे, जन्मभर केलेला हिशेब न उमगणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे ही लक्षणे दिसू लागल्यास ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळते, आणि विस्मरणाचे ते एक सुधारता येण्याजोगे कारण आहे. थायरॉइडचे विकार, मंद झालेले श्रवण, अनियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह यांकडेही लक्ष द्यावे. ऐकू न आल्याने संभाषणातून दूर राहिलेली व्यक्ती हळूहळू विचारांतूनही दूर जाते.

भांडवल तिजोरीत नुसते ठेवल्याने वाढत नाही, ते व्यवहारात फिरवावे लागते. बुद्धीचे भांडवलही तसेच आहे. घरातील ज्येष्ठांना आराम अवश्य द्यावा. परंतु रोज सकाळी त्यांच्यापुढे एक प्रश्न, एक हिशेब, एक जबाबदारी ठेवण्यास विसरू नये.