जात्यावर बोलली गेलेली मराठी

बाजरीचं पीठ टिकत नाही, लवकर कडवट होतं. म्हणून गावात पिठाची गिरणी येईपर्यंत आमच्या शिरूरकडच्या बायांना रोज पहाटे जात्यावर बसावं लागे. समोरासमोर दोघीजणी, बहुधा सासू-सून नाहीतर जावा-जावा. खुंट्यावर दोघींचे हात, आणि एकीनं मुठीमुठीनं दाणे घालायचे. दिवसभर सुनेला जे बोलायची मुभा नव्हती, ते ती या वेळात गाऊन घेई. मराठी बाईला स्वतःचं बोलणं या दळणानं दिलं, असं मी मनापासून मानते.

कामाबरोबर ओवी गाणं फार जुनं आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे १२९० ची ज्ञानेश्वरी व्हायच्या कितीतरी आधी ओवी बायांच्या तोंडी होती. गीतेचा अर्थ सांगायला ज्ञानदेवांनी ओवीच घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या ओव्यांतला गोतावळा बघावा. मुलगा राघू, मुलगी मैना, मैत्रीण सई, शेजारीण शेजी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा दंडक जात्यावरही पाळत, पण त्याच्याबद्दल आणि त्याच्या आईबद्दल बोलायचं ते बोलत. भाऊ फार येतो, कारण माहेरी न्यायला तोच येणार. विठ्ठल घरचाच, त्याच्यावर रुसणारी रखुमाईही घरचीच. सीतेचा वनवास तर बायांनी आपलाच करून टाकला. रानातल्या बोरी-बाभळी तिचं दुःख बायांसारख्या बसून ऐकतात. आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी याच ओवीत बाबासाहेब आणि बुद्ध गायले.

आत्याकडे मी एकदा वही घेऊन बसले. तिनं तीन-चार ओव्या सांगितल्या आणि अडली. “अगं, नुसत्या तोंडानं कशा येतील?” म्हणाली. मग परात पालथी घातली, काठावर हात ठेवला आणि गोल फिरवायला लागली. त्यानंतर एकीमागून एक येत राहिल्या, मला लिहायला उसंत मिळेना. गाताना ती अर्धी ओळ दोनदा घेई, मधेच ‘गं बाई’ घाली, आणि मूठ टाकायची वेळ आली की जरा थांबे, हातात दाणे नसतानाही. छापलेल्या ओवीत यातलं काही राहत नाही.

म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाचं मोल मोठं. १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर काम करताना त्यांनी ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढे हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या, आणि १९९० च्या दशकात कित्येक गळे ध्वनिमुद्रित झाले. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर ते आज ऐकता येतात. शाळेत ओवी शिकवायची तर आधी ऐकवावी.

गिरणी आली हे चांगलंच झालं. आत्याचा खांदा जात्यानंच गेला. पुन्हा कुणा बाईनं पहाटे उठून दळावं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते बोलणं दुसरीकडे कुठं गेलं नाही. गिरणीवर आवाज असतो, डबा घेऊन घरी पळायचं असतं. लग्नात जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात, हळद दळतात, दोन-चार ओव्या होतात. त्या शकुनाच्या. सासरी काय सोसलं, ते त्या मांडवात कोण काढणार?

आमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या काही बाया अजून आहेत. त्यांच्याकडे ओव्या विचारायला जाल, तेव्हा जात्यापाशी समोर कोण बसलं होतं तेही विचारा. आत्याच्या निम्म्या ओव्या सासूला दिलेली उत्तरं होती. सासू काय म्हणाली होती, ते मात्र मी विचारलं तेव्हा तिला आठवेना, आणि ते सांगणारं दुसरं कुणी घरात उरलं नव्हतं.