सागरी कासवांच्या पिल्लांचे अतिजीवन-प्रमाण : ते कसे काढतात व कशासाठी

सागरी कासवाची मादी रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, वाळूत खळगा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खळगा बुजवून समुद्रात परतते. पुढे सुमारे पन्नास ते साठ दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात व पाण्याकडे धाव घेतात. कोकणातील वेळास, आंजर्ले यांसारख्या गावी हे दृश्य आता पुष्कळांनी पाहिले आहे. ते पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो : यांतील किती पिल्ले मोठी होतील? 'हजारांत एक' असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर कोठून आले, ते कितपत भरवशाचे आहे आणि संरक्षणाच्या कार्याशी त्याचा संबंध काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. वर्षारंभी जिवंत असलेल्या प्राण्यांपैकी जेवढा अंश वर्षाअखेर जिवंत राहतो, त्यास वार्षिक अतिजीवन-प्रमाण म्हणतात. शंभरांपैकी ऐंशी उरले तर हे प्रमाण ०.८० होय. तेच प्रमाण दुसऱ्या वर्षीही राहिले तर ०.८० गुणिले ०.८०, म्हणजे ०.६४ अंश उरेल. बेरीज नव्हे, गुणाकार, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विचार तीवर अवलंबून आहे.

अंड्यांच्या अवस्थेतील हिशेब सर्वांत सुलभ. पिल्ले निघून गेल्यावर घरटे उकरून रिकामी टरफले, न उबलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले मोजली की काम होते. पिल्लू पाण्यात शिरले की मात्र अडचणीस आरंभ होतो. ते हाताच्या तळव्यावर मावेल एवढे लहान असते. त्यास धातूचा बिल्ला लावता येत नाही, आणि पुढील अनेक वर्षे ते किनाऱ्यापासून दूर, प्रवाहांबरोबर वाहणाऱ्या शेवाळाच्या आश्रयाने काढते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांच्या लेखनामुळे हा काळ 'हरवलेले वर्ष' म्हणून प्रसिद्ध झाला. ते एक वर्ष नसून अनेक वर्षे आहेत, हे नंतर कळून आले.

किनाऱ्यालगतच्या पाण्यात परतलेल्या मोठ्या पिल्लांना बिल्ले लावता येतात. परंतु येथेही साधी मोजणी फसवी ठरते. समजा, पहिल्या वर्षी २०० कासवांना बिल्ले लावले आणि दुसऱ्या वर्षी त्यांपैकी ४५ सापडली. म्हणून १५५ मेली असे म्हणता येईल काय? मुळीच नाही, जिवंत असूनही पुष्कळ आपल्या जाळ्यात आली नसतील. आता समजा, तिसऱ्या वर्षी त्या २०० पैकी ४० सापडली. ही ४० दुसऱ्या वर्षी जिवंत होती, याविषयी संशय नाही. त्यांपैकी १२ च दुसऱ्या वर्षी आपणांस दिसली होती असे नोंदींवरून आढळले, तर जिवंत कासव सापडण्याची शक्यता ४० त १२, म्हणजे ०.३० ठरते. यास्तव दुसऱ्या वर्षी सापडलेली ४५ ही त्या वेळी जिवंत असलेल्यांचा ०.३० अंश होत. म्हणजे सुमारे १५० जिवंत होती आणि अतिजीवन-प्रमाण ०.७५ होते. कॉरमॅक यांनी १९६४ साली व जॉली आणि सीबर यांनी १९६५ साली मांडलेल्या संख्याशास्त्रीय पद्धतीचे सार हेच आहे.

या पद्धतीस दोन दोष चिकटलेले असतात. बिल्ला गळून पडला तर जिवंत कासव मेल्यात जमा होते. म्हणून एकाच कासवास दोन बिल्ले लावून गळतीचे प्रमाण स्वतंत्रपणे काढतात. दुसरा दोष असा की, कायमचे निघून गेलेले व मेलेले यांत हा हिशेब भेद करू शकत नाही. याचे एक बोलके उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरील आहे. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ साली बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. केवळ गहिरमाथ्याची वही पाहणाऱ्याने तिला मृत समजणे अगदी शक्य होते.

बिल्ल्यांचा इतिहास नसेल तेथे वयांची विभागणी पाहतात. पकडलेल्या कासवांत आठ वर्षांची किती, नऊ वर्षांची किती, असे मोजत गेल्यास संख्या ज्या गतीने घटते तिच्यावरून मृत्यूची गती काढता येते. वय कळावे म्हणून किनाऱ्यास लागलेल्या मृत कासवांच्या दंडाच्या हाडातील वाढीची वलये मोजतात. परंतु समुदायच घटत असेल, तर आजच्या लहानांपेक्षा पूर्वी जन्मलेल्यांची तुकडी मुळात मोठी असते आणि अतिजीवन-प्रमाण खऱ्याहून अधिक भासते. त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. हरवलेल्या वर्षांचे प्रमाण तर बहुधा वजाबाकीनेच मिळते : बाकी सर्व अवस्थांचे आकडे व समुदायाच्या घटीची गती ठाऊक असेल, तर राहिलेला एक आकडा गणिताने काढता येतो.

या सर्व परिश्रमांचे फळ काय, हे लॉगरहेड जातीच्या कासवांवरून दिसते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नोंदींच्या आधारे डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर व हॅल कॅसवेल यांनी १९८७ साली एक गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात पहिल्या वर्षाचे प्रमाण ०.६७४७, पुढील सात वर्षे लहान पिल्लांचे ०.७८५७, त्यापुढील आठ वर्षे मोठ्या पिल्लांचे ०.६७५८, नंतरची सहा वर्षे ०.७४२५, आणि प्रौढांचे ०.८०९१ असे धरले होते. आता आपण स्वतः गुणाकार करून पाहू. १०,००० अंड्यांपासून वर्षाअखेर ६,७४७ जीव उरतात. सात वर्षांनी सुमारे १,२४७. त्यापुढील आठ वर्षांनी केवळ ५४. आणि प्रौढत्वास पोचतात अवघी ९. 'हजारांत एक' ही म्हण अशी हिशेबात उतरते.

नऊ पुरेशी आहेत काय? त्याच प्रतिमानाप्रमाणे प्रौढ मादीच्या खाती पहिल्या वर्षी १२७, दुसऱ्या वर्षी ४ व पुढे दरवर्षी सरासरी ८० अंडी जमा होतात. तिच्या मृत्यूची शक्यता जमेस धरता आयुष्यभराची बेरीज सुमारे ४०५ होते. समुदाय टिकावयाचा तर दर ४०५ अंड्यांमागे एक, म्हणजे १०,००० मागे सुमारे २५ जीव प्रौढ झाले पाहिजेत. होतात नऊ. म्हणून तो समुदाय घटत होता. घट वर्षाला शेकडा साडेपाचच्या सुमारास निघाली.

आता उपायांची तुलना करू. प्रत्येक अंडे व प्रत्येक नवजात पिल्लू वर्षभर वाचविले, म्हणजे पहिले प्रमाण ०.६७४७ ऐवजी पूर्ण १ केले, तरी नवाचे तेरा-चौदा होतात. पंचवीस दूरच राहतात. उलट, मोठ्या पिल्लांचे प्रमाण ०.६७५८ वरून केवळ ०.७७ पर्यंत नेले, तर प्रौढ होणाऱ्यांची संख्या सुमारे २६ होते व घट थांबते. कारण उघड आहे : पहिली सुधारणा एकदाच गुणली जाते, दुसरी आठ वेळा.

ही मोठी पिल्ले मरत होती ती मुख्यतः कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरून. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही १९९० साली हाच निष्कर्ष काढला : माणसामुळे होणाऱ्या मृत्यूंत या जाळ्यांचा वाटा सर्वांत मोठा. जाळ्यात तिरपी लोखंडी चौकट व बाहेर पडण्याची झडप बसविली, तर कोळंबी मागे राहते व कासव निसटते. अशा झडपांविषयीचे नियम तेथे १९८७ साली आले. आरंभीच्या झडपा मोठ्या कासवांना अपुऱ्या पडतात असे दिसून आल्यावर २००३ साली त्या रुंद करण्यात आल्या.

तथापि दोन गोष्टींचा इशारा दिला पाहिजे. पहिली, मोठ्या पिल्लांचे खरे प्रमाण ०.६७५८ नसून ०.७० असते, तर नवाऐवजी बारा कासवे प्रौढ झाली असती. वार्षिक आकड्यातील किंचित चूक शेवटी एक-तृतीयांशाची होते. प्रौढ होण्याचे वयही त्या प्रतिमानात धरलेल्या बावीस वर्षांहून अधिक असावे, असे नंतरच्या संशोधनातून दिसले आहे. दुसरी गोष्ट, या गणितातून घरट्यांचे रक्षण व्यर्थ ठरत नाही. जेथे सगळी अंडी चोरीस जातात, तेथे पहिलाच गुणक शून्य होतो, आणि शून्यास कशानेही गुणले तरी शून्यच.

लॉगरहेडचे आकडे ऑलिव्ह रिडलेस जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही; तिचे आकारमान, प्रौढत्वाचे वय आणि अंडी घालण्याचा क्रम निराळा आहे. परंतु हिशेबाची रीत तीच राहील. २०२२ सालच्या आरंभी कोकण किनाऱ्यावरील काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसविण्यात आली. तो अभ्यास प्रौढांच्या प्रवासाचा आहे. पिल्लांचा हिशेब मात्र घरट्यांच्या नोंदी, किनाऱ्यास लागलेल्या मृत कासवांची मोजमापे आणि जाळ्यांत सापडलेल्यांची प्रामाणिक टिपणे यांवरच उभा राहावयाचा आहे. किनाऱ्यावरून किती पिल्ले सोडली, हा आकडा आनंदाचा खरा. पण जातीचे भवितव्य ठरते ते त्यानंतरच्या वर्षांत, जाळी टाकली जातात त्या पाण्यात. यास्तव वाळूवर ठेवलेली वही बंदरावरही उघडली गेली पाहिजे.