दुधाविना कॉफी आणि रेडकाचा हिशेब

‘व्हीगन’ हा शब्द आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये उच्चारून पाहावा. मराठी मंडळी विचारतात, “म्हणजे शुद्ध शाकाहारीच ना?” कन्नड मंडळी विचारतात, “म्हणजे सस्याहारी ना?” दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आपला शाकाहारी माणूस मांस, मासे आणि अंडी वर्ज्य मानतो. दूध मात्र त्याला नुसते चालते असे नाही, तर तेच त्याचे पक्वान्न असते. आपल्या बेळगावचा कुंदा घ्या, धारवाडचा पेढा घ्या. व्हीगन मनुष्य दूध, दही, लोणी, तूप, पनीर आणि मध हे सारेच सोडतो, कारण त्याच्या मते प्राण्याकडून त्याच्या संमतीवाचून घेतलेली कोणतीच वस्तू आपली नव्हे.

हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या थोड्या सहकाऱ्यांनी बनवला. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाच्या इंग्रजी वर्णांतील पहिले तीन आणि शेवटचे दोन उचलले, मधले गाळले. शब्द परका असला तरी कल्पना आपल्याला परकी नाही. जैनांच्या बाह्य तपांत ‘रसपरित्याग’ आहे. त्यात दूध, दही, तूप हे रस ठरावीक काळ सोडतात. गांधीजींनी तर १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध कायमचे सोडले होते. पुढे भारतात मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीच्या दुधावर आले, आणि व्रताचा शब्द राहिला पण अर्थ गेला, अशी खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, ते या शेळीच्या दुधानंतरचे गांधीजी.

कायद्याने मात्र दूध शाकाहारीच आहे. पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो, पण त्या ठिपक्याच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना मुद्दाम सूट दिलेली आहे. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम काढले व वेगळे चिन्ह ठरवले. या नियमांप्रमाणे घटक पदार्थ तर सोडाच, प्रक्रियेत वापरलेले विकर किंवा रंगसुद्धा प्राणिजन्य असता कामा नये.

इतकी प्रस्तावना करण्याचे कारण असे की, २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बेंगळूरला मामेभावाकडे गेलो असता दादाने मला इंदिरानगरातील एका व्हीगन कॅफेत जेवायला नेले. जुन्या बंगल्याचे अंगण, झाडांखाली टेबले, आणि रविवार असल्याने दाराशी वहीत नाव लिहून चाळीस मिनिटे ताटकळत उभी असलेली माणसे. दादा स्वतः व्हीगन नाही. आजूबाजूच्या टेबलांवरच्या गप्पा ऐकता निम्मी मंडळी तरी तशी नसावीत. वाढणारा मुलगा हुबळीकडचा निघाला. माझे कन्नड ऐकून त्याची कळी खुलली आणि त्याने एका दमात सगळा व्हीगनवाद सांगून टाकला: “हालु इल्ल, मोसरु इल्ल, बेण्णे इल्ल, तुप्प इल्ल, जेनुतुप्पानू इल्ल.” दूध नाही, दही नाही, लोणी नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. कन्नडमध्ये मधाला ‘जेनुतुप्प’, म्हणजे मधमाशीचे तूप, म्हणतात. व्हीगन लोकांनी तूप आणि मध एकाच यादीत घातले हे मराठी माणसाला विचित्र वाटते. कन्नडला ते आधीच ठाऊक होते!

आम्ही टोफू घातलेला पालक, काजूच्या ‘चीज’चा पिझ्झा, शेंगदाण्याच्या दह्यातली काकडीची कोशिंबीर, नारळाच्या दुधाचे आईस्क्रीम आणि शेवटी ओटच्या दुधाची कॉफी मागवली. चवीचे माझे मत सांगून टाकतो. आईस्क्रीम उत्तम. पालकात टोफू आहे हे सांगितल्याशिवाय कळले नसते. कोशिंबीर आंबटपणाला बरी, पण शेंगदाण्याचा वास लपत नाही. आपल्या भागात शेंगा खाणाऱ्याला त्याचे काही वाटायचे नाही. चीज मात्र दाताला चिकटते आणि ताणले म्हणून ताणत नाही. खऱ्या चीजची तार दुधातील केसीन या प्रथिनामुळे येते, आणि काजूत केसीन नसते.

हे पदार्थ होतात कसे, हे आत डोकावून विचारले. काजू रात्रभर भिजवून गंधासारखे वाटतात. त्यात आंबवणारे जिवाणू घालून ठेवले की आंबटसर चीज होते. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून, गाळून दूध काढतात. ते नासवले की टोफू, अगदी पनीरच्या रीतीने. ओटचे प्रकरण जरा शास्त्रीय आहे. ओटच्या पिठात पाणी घालून शिजवले तर खळ होईल, म्हणून त्यात विकर घालून पिष्टाची साखर करतात. त्यामुळे दूध पातळ राहते आणि साखर न घालता गोड लागते. ही कृती स्वीडनमधील रिकार्ड ओस्टे यांनी १९९० च्या सुमारास बसवली. कॉफीसाठीच्या ओट-दुधात थोडे तेल आणि आम्लता सांभाळणारा क्षार घालतात, नाहीतर कॉफीतील आम्लाने ते फुटते.

ओटच्या कॉफीचे दोनशे चाळीस रुपये पडले. आमच्या घरी महिनाअखेरीस बिनदुधाचा चहा असायचा, त्याचे काही पडत नसे. दुधाच्या घरात कोरा चहा कसा, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे: दूध विकायचे असते. आमच्या दोन म्हशी आहेत, आणि माझी कॉलेजची फी बहुतेक त्यांच्याच दुधावर भरली जाते. आई पहाटे धार काढते, संस्थेत दूध घालते, फॅट लागेल तसा दर मिळतो, पंधरवड्याला बिल येते. शेतावर न्यायच्या आजीच्या शिदोरीत भाकरी, झुणका, शेंगाचटणी आणि कांदा. व्हीगन शब्द कधी कानावर न पडलेली आजी आठवड्याचे पाच दिवस व्हीगन जेवत होती.

दोनशे चाळीस रुपयांचा उलगडा मात्र करायला हवा, कारण तो वाणिज्य शाखेचा विषय आहे. ओटचे किंवा बदामाचे दूध लिटरला अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जाते. गाईच्या दुधाची पिशवी पन्नाशीच्या आत मिळते. त्यात करांचा भाग होता. साध्या ताज्या दुधावर जीएसटी नाही. सोयाच्या दुधावर १२ टक्के आणि बदाम, ओट वगैरेंवर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले. साधारणपणे उपाहारगृह गिऱ्हाइकाकडून ५ टक्के कर घेते, पण कच्च्या मालावर भरलेला कर त्यातून वळता करून घेण्याची त्याला मुभा नाही. म्हणजे दुधाच्या खोक्यावरचे १८ टक्के कॅफेच्या खर्चातच जमा होत आणि पेल्याच्या किमतीत उतरत. गंमत अशी की, अन्न कायद्याप्रमाणे ‘दूध’ म्हणजे सस्तन जनावराचेच, म्हणून ओटच्या खोक्यावर ‘दूध’ छापता येत नाही. पण कराच्या तक्त्यात ‘सोया मिल्क’ खुशाल छापलेले आहे. नारळाचे दूध, कन्नडमध्ये तेंगिन हालु, परंपरेने चालत आल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही.

तरीही माल आणि कर मिळून दोनशे चाळीस होत नाहीत. जागेचे भाडे आहे, आणि उरलेले पैसे गिऱ्हाईक खात्रीसाठी देते असे मला वाटते. बेंगळूरच्या जुन्या उडुपी हॉटेलांत इडली, सांबार, चटणी बिनदुधाचीच असते, पण तिथे खात्री देणार कोण? मावळ्ळी टिफिन रूम्सने दुसऱ्या महायुद्धात तांदळाच्या टंचाईत रवा इडली काढली; तिच्यात दही असते आणि सोबत तुपाची वाटी येते. मल्लेश्वरमचा बेण्णे दोसा तर नावानेच लोणी सांगतो. व्हीगन माणसाला प्रत्येक ठिकाणी “यात तूप आहे का?” असे विचारावे लागते, आणि “थोडंसंच आहे हो” असे प्रेमळ उत्तर मिळते. कॅफेत त्याला काही विचारावे लागत नाही, याचेच ते पैसे.

आता मुद्द्याचे. कॅफेच्या भिंतीवर एका वासराचे चित्र होते आणि त्याखाली, दूध कुणासाठी असते, अशा अर्थाचा प्रश्न. दादा हसला. मला हसू आले नाही, कारण मला कॉस्टिंगचा तास आठवला. संयुक्त उत्पादनाचे प्रकरण शिकताना आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याचे उदाहरण देतात. ऊस एकच, पण त्यातून साखर, मळी आणि बगॅस निघतात. साखर मुख्य उत्पादन, बाकीची उपउत्पादने, आणि एकीचा खर्च दुसरीला सोडून काढता येत नाही. म्हशीचेही तसेच आहे. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. दहा महिन्यांहून अधिक गाभण राहते, विते, दूध देते, आटते, पुन्हा गाभण राहावी लागते. प्रत्येक वेताला एक पिल्लू, आणि त्यांतले सुमारे निम्मे नर. दूध हे मुख्य उत्पादन, पारडी म्हणजे उद्याचे भांडवल. रेडकाला कुठल्या खात्यात मांडायचे?

पूर्वी त्याला खाते होते. खानापूरकडच्या पावसाळी भातशेतीत चिखलणीला रेडा लागे. पॉवर टिलर आला आणि रेड्याची किंमत शून्यावर आली. एके काळचे उत्पादन निव्वळ खर्च झाले. त्याने प्यायलेले प्रत्येक लिटर दूध संस्थेच्या बिलातून वजा होते. आमच्या गोठ्यात गेल्या दहा वर्षांत चार रेडके झाली. दोन पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेली, दोन हेड्याने नेली. कर्नाटकात २०२१ पासून तेरा वर्षांखालील म्हैस-रेड्याच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, तेव्हापासून हेडीही आमच्याकडे फारसा फिरकत नाही. रेडकू जगले तरी त्याला वैरण कुठून घालायची, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

भारतात २०२३-२४ साली सुमारे २४ कोटी टन दूध झाले, जगात सर्वांत अधिक, आणि त्यातील चाळीस टक्क्यांहून जास्त म्हशीचे. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही आपला देश आघाडीवर असतो. ही दोन वाक्ये अर्थशास्त्राच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. व्हीगन लोक ती एकाच पानावर लिहितात. हा त्यांचा मुद्दा हिशेबाला धरून आहे, आणि म्हशीच्या घरात वाढलेल्या माणसाला तो नाकारता येत नाही.

पण मग हिशेब पुरता मांडावा. काजूच्या त्या चीजचा काजू कुठला? आपल्या शेजारच्या चंदगड-आजरा पट्ट्यात काजू फोडण्याचे कारखाने पुष्कळ आहेत. माझी मावशी तिकडे कामाला जाते. काजूच्या टरफलातील तेल इतके दाहक असते की हाताची कातडी सोलून निघते. हाताला राख किंवा तेल चोळून बाया काम करतात. बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातून येतो, तिथल्या कोरड्या खोऱ्यांत कालव्याच्या आणि जमिनीखालच्या पाण्यावर वाढतो. म्हशीचा बराचसा आहार मात्र उसाचे वाढे, भाताचा पेंढा, सरकीची पेंड, म्हणजे माणसाला न खाता येणाऱ्या वस्तू. आणि शेण शेतात परत जाते. कॅफेच्या भिंतीवर वासराशेजारी मावशीच्या हाताचे चित्र लावायला जागा होती.

प्रकृतीबद्दल एवढेच की, बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध सोडणाऱ्याने त्याची गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेले अन्न घेतलेच पाहिजे. प्रथिनांत सोयाचे दूध गाईच्या दुधाच्या तोडीचे असते, बदामाचे बरेच कमी.

परत आल्यावर हे सारे आईला सांगितले. तिने विचारले, “आणि ते दूध घालायचं कुठं, संस्थेत घेतात व्हय?” मग रेडकाचे सांगितले, तेव्हा मात्र ती गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “डाक्टर काय तरी बोलत हुता, पारडीच हुईल अशी सुई आलीया म्हणून.” ती सुई म्हणजे लिंगनिश्चित रेतन. त्यात नराचे शुक्राणू वेगळे काढलेले असतात आणि सुमारे नव्वद टक्के वेळा मादीच जन्मते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्याचा प्रसार चालू आहे. संयुक्त उत्पादनातले नको असलेले उत्पादन मुळातच कमी करण्याचा हा उपाय. पण त्याचा खर्च साध्या रेतनापेक्षा अधिक, आणि गाभ राहण्याचे प्रमाण थोडे कमी. एक फेरी वाया गेली की म्हैस तीन आठवडे रिकामी राहते, तेवढ्या दिवसांची वैरण अंगावर पडते. थोरली म्हैस या महिन्यात माजावर येईल. पंधरवड्याच्या बिलातून कोणती सुई द्यायची, हे घरात अजून ठरलेले नाही.