आठ घंटांचें गणित

आमच्या सुलतानपुराकडे घंटा म्हटली म्हणजे देवळांतली आठवते. ती जागची हालत नाहीं. भक्त हात उंचावून तिची लोळी हलवितो आणि नाद उठतो. इंग्लंडांतील चर्चांच्या मनोऱ्यांत मात्र घंटाच फिरते, आणि त्या फिरण्यावर सतराव्या शतकापासून एक स्वतंत्र कला उभी राहिली आहे.

मुंबईस कुलाब्याला अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तें बांधलें. १८५८ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. त्याच्या मनोऱ्यांतील आठ घंटा १९०४ सालीं लफबरो येथील टेलर यांच्या ओतशाळेंतून आल्या. आठ घंटा म्हणजे वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंत आठ स्वर. मग त्यांवर गाणेंच कां वाजवूं नये?

याचें उत्तर घंटेच्या वजनांत आहे. इंग्लंडच्या मनोऱ्यांत प्रत्येक घंटेस मोठें चाक व दोर असतो आणि तिच्यापाशीं एक माणूस. घंटेचें तोंड वर करून ठेवतात. दोर ओढला कीं ती पूर्ण फेरा घेऊन पुन्हां ऊर्ध्वमुख होते. यास सुमारें दोन सेकंद लागतात. वाजविणारा तिला किंचित् थोपवूं शकतो किंवा किंचित् लवकर परतवूं शकतो. अधिक कांहीं नाहीं. म्हणून प्रत्येक घंटेला एका वेळीं फक्त शेजारणीशीं जागा बदलतां येते. गाणें साधत नाहीं. क्रम मात्र पालटतां येतो.

तीन घंटा घ्या: १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२; पुढें पुन्हां १२३. सहा क्रम झाले, एकही दोनदां आला नाहीं. चार घंटांचे क्रम २४, सहांचे ७२०, आणि आठांचे ४०,३२०! १९६३ सालीं त्याच लफबरोच्या ओतशाळेच्या मनोऱ्यांत आठ जणांनीं, माणूस न बदलतां, हे सारे क्रम वाजविले. त्यास १७ तास ५८ मिनिटें लागलीं.

वाजवितांना समोर कागद नसतो. नियम मुखोद्गत असावा लागतो. सर्वांत जड घंटेसही पाळी आली कीं पुढची जागा सोडावी लागते, आणि एकाची चूक आठांचा मेळ मोडते. घंटा ओतशाळेंतून विकत आणतां येतात. त्या वाजविणारीं आठ माणसें मात्र ज्या त्या गांवालाच, पिढीमागून पिढी, घडवावीं लागतात.