गाडी चाकणची, रस्ता वऱ्हाडाचा

सोमवारी सकाळी साडेसहाला बडनेरा मागे पडलं की माझी झोप खरी उतरते. घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात, मधे मूर्तिजापूरचा चहा. एकूण शंभरेक किलोमीटर. हाच तो रस्ता, ज्याच्या लोणी ते माना टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी याच रस्त्यावर आम्ही कॉलेजची वर्षं एसटीत हादरे खात काढली. त्यामुळे इथे पाय थोडा जड पडला तर माफ करा.

गाडी म्हणजे २०१४ची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनलेली. बाहेरून कुणीही म्हणेल, साधी पोलो. आत १.२ लीटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. टॉर्क दीड हजार आरपीएमलाच पूर्ण हजर होतो, म्हणून ट्रकला ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागत नाही. मूर्तिजापूरच्या चहावाल्याचं मत वेगळं आहे. "भाऊ, एवढ्या पैशात मोठी गाडी आली असती नं!"

आली असती. पण 'हॉट हॅच'चं वेड असंच असतं. घरची छोटी गाडी, पाच दारं, डिकीत गव्हाचं पोतं मावतं, आणि तीच गाडी चिखलदऱ्याच्या घाटात हसवते. १९७६ साली बाजारात आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयची ताकद ११० अश्वशक्ती होती. म्हणजे माझी पोलो तिच्या फार मागे नाही! आजची गोल्फ जीटीआय भारतात आली ती ५३ लाखांच्या आसपास, तेव्हा तो विषय संपला. आपल्याकडे फियाटची पुंटो अबार्थ (१४५ अश्वशक्ती, रांजणगावची), बलेनो आरएस, टियागो जेटीपी अशा गाड्या आल्या आणि गेल्या. पोलोही २०२२ला बंद झाली. नंतर आल्या आय२० एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० अश्वशक्तीच्या. बाकी सगळ्यांना एसयूव्ही पाहिजे.

गाडी घेतली की दुसऱ्या महिन्यात हात शिवशिवायला लागतात. अकोल्याच्या मित्राने आपल्या स्विफ्टला मोठा एक्झॉस्ट लावला होता, आवाज टॉवर चौकातून जठारपेठेपर्यंत जाईल असा. मला आवाज नको होता, मला गाडी 'बसलेली' पाहिजे होती. पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून लोअरिंग स्प्रिंग बसवले. गाडी दीडेक इंच खाली आली. फोटो असे आले की विचारू नका. बाबांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कार घेतली का चप्पल? जमिनीलेच चिकटली."

आमचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. हे मी शाळेत शिकलो होतो, कार घेताना विसरलो. त्या ऑगस्टात रात्री अकराला आईच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही गावी होतो. तिला मागे झोपवलं, बाबा शेजारी, आणि निघालो. चौथ्या-पाचव्या किलोमीटरवर रस्त्यात उंचवटा आला. एरवी वेग कमी करून तिरपी घातली असती. त्या रात्री सुचलं नाही. खालून 'धाड' असा आवाज आला, मग तेलाचा लाल दिवा. ऑइलचा सम्प फुटला होता. इंजिन बंद करण्याशिवाय इलाज नव्हता.

चाळीस मिनिटं अंधारात उभे होतो. शेवटी गावातल्या काकांची जुनी बोलेरो आली. आई वाचली, दुखणं हृदयाचं नाही, पित्ताचं निघालं. बाबा त्या रात्रीबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठवड्याने कंपनीचे मूळ स्प्रिंग परत बसले. खाली जाड सम्प गार्ड आला. मग पैसे टायरमध्ये घातले. १८५/६० आर१५ च्या जागी १९५/५५ आर१५. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते. नवीन ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल. इन्स्टावर टाकण्यासारखं यात काहीच नाही.

'स्टेज वन' रीमॅपचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. लॅपटॉप लावून ईसीयू बदलायचा, टर्बोचा दाब वाढवायचा, तासाभरात तीसेक अश्वशक्ती जास्त. पण अकोल्याचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढचा. तापलेली हवा विरळ असते, आणि अशा हवेत जास्त दाब दिला की इंजिन ठोकायला लागतं. त्यात माझ्या डीएसजीचे क्लच कोरडे, त्यांना थंड करायला तेल नाही. राजकमल चौकात वीस मिनिटं इंच-इंच सरकलो की तेच आधी तापतात.

आणि कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवलं. आरसीवर लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सापडला तर क्लेम अडू शकतो, हे गॅरेजवाला कधी सांगत नाही. माझे स्प्रिंगही याच यादीत बसत होते बहुतेक. तेव्हा कोण वाचतंय!

परवा बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून चावी मागितली. दर्यापूरला बाजार समितीत काम होतं. संध्याकाळी परत आले तेव्हा पेट्रोलचा काटा चांगलाच खाली होता आणि गिअरचा दांडा 'डी'वर नाही, 'एस'वर होता. स्पोर्ट मोड. मी नुसतं बघितलं.

"लागलं असन चुकून," बाबा म्हणाले आणि चहा मागायला आत गेले.