वर्ध्याने तपासलेली उपकरणं

जून 2005 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीने बाजारात आणलेली क्षयरोगाची नवी रक्तचाचणी. मेलबर्नच्या कंपनीची चाचणी, अमेरिकेतलं नियतकालिक आणि पुरावा मात्र वर्धा जिल्ह्यातल्या परिचारिका, विद्यार्थी आणि डॉक्टरांच्या रक्तातून आलेला.

वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात हल्ली 'थॉट लीडर' या बिरुदाला मोठा भाव आहे. कंपनीच्या प्रमुखाने परिषदांमध्ये बीजभाषण करावं, पॉडकास्टवर दिसावं, उद्याच्या आरोग्यसेवेचं चित्र रंगवावं, म्हणजे डॉक्टरांचा आणि गुंतवणूकदारांचा विश्वास बसतो असा हिशेब असतो. वर्ध्यात वैद्यकातली पत गेल्या सत्तर वर्षांत वेगळ्या रीतीने कमावली गेली. आपला दावा तपासायचा, दुसऱ्याला तपासता येईल असा मांडायचा आणि गैरसोयीचा आकडा निघाला तर तोही छापायचा, अशी ती रीत होती.

तिची सुरुवात कुष्ठरोगापासून झाली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम उभं केलं होतं. त्या काळी कुष्ठरोग्यासाठी काही करायचं म्हणजे त्याला वस्तीपासून दूर ठेवून आसरा द्यायचा, एवढंच शक्य होतं. नंतर डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. स्वस्त, तोंडाने घ्यायच्या, घरी राहून घेता येणाऱ्या. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथे डॉ. आर. व्ही. वार्डेकरांनी गोळीपेक्षा पद्धतीवर भर दिला. घरोघर जाऊन तपासणी, लोकांना रोगाची माहिती आणि गावातच उपचार ही त्यांची त्रिसूत्री. सर्व्हे, एज्युकेशन, ट्रीटमेंट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ती 'सेट' म्हणून ओळखली गेली.

'सेट'चं बळ तिच्या नोंदवहीत होतं. गावातल्या प्रत्येक माणसाची तपासणी झाली म्हणजे किती रोगी, किती नवे, किती जणांनी उपचार सोडले, हे सगळं मोजता येतं आणि दुसरा कोणी येऊन ते पडताळूही शकतो. 1955 मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याची घडण बरीचशी याच पद्धतीवर झाली. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वेळी अनेक औषधं देण्याचा बहुविध उपचार आला. तो ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत राबवला गेला, त्यात वर्धा होता. नवं काही आजमावायचं तर जिथे आधीचे आकडे तयार आहेत तिथे जावं, हे ओघानेच आलं.

1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. सुशीलाबहेन गांधीजींच्या डॉक्टर होत्या आणि 1960 च्या दशकात देशाच्या आरोग्यमंत्रीही. नावाचा दबदबा होताच. गावकऱ्यांचा विश्वास मात्र नुसत्या नावाने मिळत नाही. तो मिळवण्याच्या प्रयत्नांपैकी एक डॉ. उल्हास जाजू यांची आरोग्य विम्याची योजना. सुगीत ज्वारी निघाली की ऐपतीप्रमाणे पायल्या जमा करायच्या आणि वर्षभर संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार घ्यायचे. ज्वारी घातली की माणूस हिशेब मागू लागतो, आणि डॉक्टरला तो द्यावा लागतो.

वर्ध्यातच 1950 मध्ये जन्मलेले डॉ. अभय बंग याच हवेत वाढले. त्यांचं सुरुवातीचं गाजलेलं काम औषधाचं नव्हतं, मजुरीचं होतं. रोजगार हमीवरच्या मजुरासाठी वि. स. पागे यांच्या समितीने दिवसाला 4 रुपये पुरेसे ठरवले होते. कान्हापूरसारख्या गावांत काम करताना बंगांनी तो हिशेब उलगडून पाहिला. मजुराला लागणारे उष्मांक, घरात खाणारी तोंडं, अन्नाखेरीजचे खर्च, सगळीकडे कमी धरलेलं होतं. त्यांच्या गणिताने दर 12 रुपयांवर जायला हवा होता. पुढे सरकारने मजुरी वाढवली. मोर्च्याने जे साधतं ते कधी कधी नीट मांडलेल्या कोष्टकानेही साधतं, हा अनुभव घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीला गेले.

तिथे त्यांच्या 'सर्च' संस्थेने बनवलेलं एक उपकरण तंत्रज्ञानाच्या कोणत्याही कंपनीने अभ्यासावं असं आहे. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 ही धोक्याची रेषा, वर्षाच्या आतल्या मोठ्या बाळाला 50. पण गावातल्या सुईणीला तेवढ्यापर्यंत मोजता येत नसेल तर? मग एका मिनिटाची वाळूघडी आणि मण्यांच्या रांगा असलेला श्वासमापक तयार झाला. सुईणीने मणी सरकवत जायचं, वाळू आधी संपते की मणी, ते पाहायचं. बंग दांपत्याने 1992 मध्ये तो बालरोगशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात मांडला, तोही सुईणींच्या हातात त्याचं निदान कितपत बरोबर ठरतं हे तपासून.

1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला त्यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास याच वळणाचा होता. 39 गावांत सेवा दिली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्के घटलेला दिसला. ती 47 गावं नसती तर हा आकडा म्हणजे एका संस्थेने स्वतःबद्दल सांगितलेली चांगली गोष्ट राहिली असती.

सेवाग्रामला प्रयोगशाळेतही काम चालू होतं. जीवरसायनशास्त्राचे डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी आधी हत्तीरोगाच्या आणि मग क्षयरोगाच्या रक्तचाचण्या विकसित केल्या. क्षयरोगाच्या चाचणीला 'सेवा टीबी एलायझा' असं नाव मिळालं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखता आला तर थुंकीवाचून निदान होईल, ही कल्पना तेव्हा जगभर आकर्षक वाटत होती. अनेक कंपन्यांनी अशी किट बाजारात आणली आणि भारतातल्या खासगी प्रयोगशाळांत ती धडाक्याने खपली.

2004 मध्ये सेवाग्रामला सुरू झालेला अभ्यास मात्र दुसऱ्या प्रकारच्या चाचणीचा होता. 'क्वांटिफेरॉन' हे तिचं नाव. मूळ तंत्र ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत गुरांच्या क्षयासाठी निघालं होतं. तिथल्या टोनी रॅडफर्ड आणि जिम रॉथेल या शास्त्रज्ञांनी सेलेस्टिस ही कंपनी काढून ते माणसांसाठी आणलं. शंभर वर्षं जुन्या, त्वचेत टोचायच्या मँटू चाचणीत बीसीजीच्या लसीमुळे गफलत होते, आपली चाचणी ती टाळते, हा तिचा मुख्य दावा. भारतात बहुतेकांना बीसीजी टोचलेली, त्यामुळे दाव्याची परीक्षा घ्यायला सेवाग्राम योग्य जागा होती.

डॉ. मधुकर पै, डॉ. रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी 726 आरोग्य कर्मचाऱ्यांची दोन्ही चाचण्यांनी तपासणी केली. मँटूने 41 टक्के लोकांमध्ये संसर्ग दाखवला, क्वांटिफेरॉनने 40 टक्के. दोन्ही चाचण्यांचं 81 टक्के लोकांबाबत एकमत झालं. बीसीजीचा मँटूवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे महागडी नवी चाचणी निकामी नव्हती, पण या ठिकाणी स्वस्त जुन्या चाचणीहून सरस असल्याचंही दिसत नव्हतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चाचणीच्या याच, 'इन-ट्यूब' नावाच्या रूपाला मान्यता दिली ती 2007 मध्ये.

पुढचा निष्कर्ष जास्त अडचणीचा होता. वैद्यकीय आणि परिचर्येच्या 216 विद्यार्थ्यांची दीड वर्षाने पुन्हा तपासणी केली, तर आधी पॉझिटिव्ह आलेल्या 38 पैकी 9 जण आपोआप निगेटिव्ह झालेले निघाले. दरवर्षी कर्मचाऱ्यांची तपासणी करणाऱ्या रुग्णालयाने अशा निकालाचं काय करावं? पुढे अमेरिकेतल्या रुग्णालयांनाही याच प्रश्नाने गाठलं.

2011 हे साल हिशेबाचं ठरलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदहून अधिक अभ्यास चाळून सांगितलं, की क्षयाच्या निदानासाठी बाजारातल्या प्रतिपिंड चाचण्या वापरू नका. त्यांनी निरोगी माणूस रोगी ठरत होता आणि रोगी सुटत होता. जून 2012 मध्ये भारत सरकारने या किटवर बंदी घातली. ज्या कल्पनेवर सेवाग्रामच्या प्रयोगशाळेनेही कित्येक वर्षं मेहनत घेतली होती, तिचं व्यापारी रूप पुराव्यापुढे टिकलं नाही. 2011 मध्येच संघटनेने क्वांटिफेरॉनसारख्या चाचण्यांबद्दलही सांगितलं, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्या मँटूच्या जागी आणू नयेत. त्याच वर्षी जर्मन मुळाच्या कियाजेन कंपनीने सेलेस्टिस विकत घेतली. आपली मर्यादा छापील असलेल्या चाचणीलाही गिऱ्हाईक असतं.

याच काळात अमेरिकेत उलटा प्रयोग रंगला होता. एलिझाबेथ होम्स यांच्या थेरानोस कंपनीने बोटातल्या रक्ताच्या थेंबातून शेकडो चाचण्या करण्याचं सांगितलं. मासिकांची मुखपृष्ठं, गाजलेली भाषणं, संचालक मंडळावर हेन्री किसिंजर, सुमारे 9 अब्ज डॉलरचं मूल्यांकन. शोधनिबंध मात्र जवळजवळ नाहीत. फेब्रुवारी 2015 मध्ये 'जामा'मध्येच जॉन आयोनिडिस यांनी या गुप्त संशोधनावर बोट ठेवलं. ऑक्टोबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने आतली परिस्थिती उघड केली आणि जानेवारी 2022 मध्ये होम्स फसवणुकीत दोषी ठरल्या.

आपल्याकडेही व्यासपीठ आणि मान्यता यांतलं अंतर दिसलं. ठाण्याच्या बायोसेन्सच्या मिश्किन इंगवले यांनी 2013 मध्ये टेडच्या मंचावर 'यूचेक' हे लघवीतपासणीचं मोबाइल ॲप दाखवलं, आणि काही महिन्यांतच एफडीएने परवानगीची विचारणा करणारं पत्र पाठवलं. तेव्हा भारतात उपकरणांसाठी वेगळे नियम नव्हते. ते 2017 मध्ये आले. त्याच वर्षी स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. 2024 मध्ये उपकरण कंपन्यांच्या विपणनासाठी आचारसंहिता निघाली आणि डॉक्टरांना भेटी देणं, परदेशवाऱ्या घडवणं यांवर बंधनं आली.

मधल्या काळात क्षयाची चाचणीही पुन्हा हातावर आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सीवाय-टीबी' मँटूसारखीच त्वचेत टोचायची असते, पण तिच्यातली प्रथिनं ईसॅट-6 आणि सीएफपी-10, म्हणजे सेवाग्रामला तपासलेल्या रक्तचाचणीतली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या चाचण्या वापरायला हरकत नसल्याचं सांगितलं. तिला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातही ती करता येते. आता कंपनीच्या अधिकाऱ्यांना डॉक्टर विचारतील तो प्रश्न सेवाग्रामच्या त्या 38 विद्यार्थ्यांनी आधीच तयार करून ठेवला आहे: त्याच माणसाची दीड वर्षाने पुन्हा चाचणी केली, तर निकाल तोच येतो का?